भिंतीकडे तोंड केलेला मुखवटा

सुरगाण्याकडच्या आमच्या गावात बोहाड्याच्या उत्सवाला देवांचे मुखवटे घालून नाचतात. कोणता मुखवटा कोणत्या घराने नाचवायचा हे पिढ्यांपासून ठरलेलं. आमच्या वाट्याचा मुखवटा एरवी भिंतीकडे तोंड करून टांगलेला असायचा, देवाची नजर कोणावर पडू नये म्हणून. त्यामुळे वर्षभर आम्हाला दिसायची ती त्याची आतली, पोकळ बाजू. तरी दारातून बघितलं की तिथे खड्डा दिसायचा नाही, बाहेर आलेला चेहराच दिसायचा, आणि आपण चाललो की तो आपल्याबरोबर वळायचा. देव लक्ष ठेवतो, असं बा सांगायचा. लहानपणी दादा माझा हात धरून त्याच्यासमोरून पळत जायचा.

नाशिकला कॉलेजात मानसशास्त्र घेतल्यावर मला याचं कारण कळलं. मॅडमनी वर्गात प्लॅस्टिकचा मुखवटा उलटा धरला, तर सगळ्यांना चेहराच दिसला. चेहरा आत गेलेला असूच शकत नाही, असं मेंदू ठरवून टाकतो, त्या म्हणाल्या. स्किझोफ्रेनियात पुष्कळदा तसं होत नाही, खड्डा खड्डाच दिसतो. गांजा ओढलेल्यांतही कधी कधी हे आढळतं. गांजातल्यासारखी द्रव्यं मेंदू स्वतःही तयार करतो, पेशींमधले निरोप आवरायला. या आजारात ती व्यवस्था बिघडत असावी, असा काहींचा तर्क आहे. मला सगळं समजलं असं नाही. यावरून कोणाला आजारी ठरवू नका, हेही त्यांनी बजावलं होतं.

त्या वर्षी मुखवटा दादा नाचवणार होता. नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यातलं काम सोडून तो घरी आला होता. तिथे लागलेला गांजा गावात सुटला, पण तो झोपायचा नाही, वास घेऊन ताट बाजूला सारायचा. बाहेरची बाधा आहे, देव अंगावर घेतला की उतरेल, असं बा म्हणायचा. मी डॉक्टरांचं नाव काढलं की बा उठून जायचा.

उत्सवाच्या तोंडावर एका संध्याकाळी आम्ही तिघं दारात बसलो होतो. दादा आतल्या मुखवट्याकडे बघत सहज म्हणाला,

"याला काय भ्यायचो आपण? तोंड नाय तिथं. नुसता खड्डा हाय."

तो बोलला ते खरंच होतं. घरात त्या एकट्यालाच खरं दिसत होतं.

बाने त्याला उठवलं, दारात इकडून तिकडे चालायला लावलं. "वळतो का?"

"वळायला हाय कोण?"

बाने दादाला खाली बसवलं. मॅडमनी वर्गात सांगितलेलं मला सांगावंच लागलं नाही.

"ज्याला देव दिसत नाय, त्याच्या तोंडावर देव कसा बांधू?" बा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "सकाळची जीप धरू. तुझ्या डॉक्टरकडं."

जीपमध्ये मी दादाच्या समोर बसले. घाट संपेपर्यंत तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. काय बघतोस, मी विचारलं.

"तुझ्या पण तोंडाजागी नुसता खड्डा दिसायला लागलाय," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून बसला.