बाथमधले दोन पाणीवाले

कुवेतमधल्या मिरकाब मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीत जेवायला बसलं की बाथ गावाचा विषय निघतोच. मुळात किस्से तीन-चारच होते. कासिमचाचांनी सांगून सांगून आता किती झालेत, अल्ला जाणे! मी स्वतः पाहिलेले तेवढेच सांगतो.

मी तेव्हा ब्रिस्टलला केमिस्ट्री शिकत होतो. अब्बा आणि त्यांचे जोडीदार कासिमचाचा कुवेतच्या शुवेख बंदरातल्या प्लँटवर, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कामाला. नव्या बॉयलरच्या ट्रेनिंगसाठी दोघं इंग्लंडला आले होते. मला ब्रिस्टलच्याच एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती. अब्बा म्हणत, "ती सोडायची नाही!" मी म्हणे, कुवेतलाच येणार! जिथं गोडं पाणी गाढवावरून दारोदार यायचं, तिथं आपण ते तयार करतोय. याहून मोठं काम जगात कुठलं? वर्षभर पत्रांतून हाच वाद. शेवटी अब्बा म्हणाले, "रविवारी एखादं जुनं गाव दाखव. तिथंच काय ते ठरवू."

म्हणून बाथ. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं आणि रोमन लोकांनी त्यावर हौद बांधलेत.

* * *

आधी चहाच्या दुकानात शिरलो. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ टपटप गळत होता. कासिमचाचांना चहा जाईना. उठले, कोटाच्या खिशातून पाना काढला (हा माणूस निकाहालाही पाना घेऊन गेला असेल!) आणि नळ बंद करून आले.

मालकीणबाई धावत आल्या. "तुम्ही प्लंबर का?"

चाचा ताठ उभे राहिले. "नो मॅडम. टूरिस्ट!"

* * *

रोमन हौदाच्या तळाशी शिशाचा पत्रा आहे, अजून गळत नाही, असं गाइडनं सांगितलं. चाचांनी मला कोपरानं ढोसलं. "विचार, काँट्रॅक्टर कोण होता?"

"चाचा, रोमन लोक!"

"हां, पण आता मिळतील काय? आपल्या क्वार्टरची टाकी गेल्या साली बांधली, आत्तापासून गळते मेली!"

* * *

तिथलं पाणी औषधी म्हणून एक बाई ग्लासातून प्यायला देत होत्या. कोमट, गंजल्या लोखंडाच्या चवीचं. मी एक घोट घेऊन ग्लास हळूच खाली ठेवला.

अब्बांचं प्लँटवरचं काम काय, तर वाफेच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात विहिरीचं मचूळ पाणी किती सोडायचं ते बघणं. त्यांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, गिळला.

"मचूळ जास्त पडलंय. बाईंना सांग, व्हॉल्व्ह अर्धा फेरा बंद करा."

मी बाईंना म्हणालो, "त्यांना फार आवडलं!"

आणि अब्बांनी खरोखरच ग्लास संपवला. माझाही! बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पुरा ग्लास पिणारे हेच पहिले." मी हळूच विचारलं, "अब्बा, कशाला प्यायलात?"

"मग काय ओतून द्यायचं?"

* * *

निघायची वेळ झाली तरी नोकरीबद्दल अवाक्षर नाही. माझा जीव टांगणीला!

शेवटी एका कमानीखाली आलो. तिथून वाफाळतं पाणी भिंतीतून बदाबदा येतं आणि गटारातून नदीला जाऊन मिळतं. अब्बा कठड्याला धरून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

मग अब्बांनी गाइडला हाक मारली आणि मला म्हणाले, "विचार त्याला, इथं शिफ्टला माणसं किती?"

मी विचारलं. गाइड हसला. "एकही नाही. दोन हजार वर्षं आपोआप येतंय."

मी अब्बांना सांगितलं. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग रुमालानं हात पुसत वळले.

"मग इथं तुझं काय काम रे? चल, सामान बांध."