बंधाऱ्यावरची जिताड्याची पिल्लं

मी जलविद्युत केंद्रात इंजिनियर आहे आणि माझं माहेर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. वीज करून झालेलं आमचं पाणी ज्या नदीत पडतं, तीच पुढे त्या कोळीवाड्याशी, जिथे माझा थोरला भाऊ अजून राहतो, खाडीला मिळते. तो खांदा कॉलनीत माझ्याकडे आला की हल्ली एकच विषय असायचा.

"जिताडा ऱ्हायलाच नाय, बाय. तुमी पानी सोडता, पिल्ला वर चढतान. मंग पानी बंद करता, ती खडकान अडकतान."

जिताडा हा खाडीतला मासा; त्याची पिल्लं भरतीला, नदीच्या मुखाशी असलेल्या पाटबंधारे खात्याच्या बंधाऱ्याच्या उघड्या दारांतून गोड्या पाण्यात येतात, तिथे वाढून खाडीत परततात. विजेची मागणी वाढली की आमची यंत्रं चालतात आणि नदी फुगते. मागणी उतरली की यंत्रं थांबतात, आणि नदीचे खडक उघडे पडतात.

शेवटी वीज केंद्र, पाटबंधारे खातं, मत्स्य खातं आणि काठावरची गावं यांची एक समिती झाली. साहेबांनी मला पाठवलं. "तुम्ही तिकडच्याच ना? तुमचं ऐकतील." कोळीवाड्याने भावाला पाठवलं, कारण बहीण तिथे आहे.

पनवेलच्या विश्रामगृहात पहिली बैठक झाली. भाऊ समोर बसून म्हणाला, "मॅडम, पानी हलूहलू उतरवाला काय अडचण हाय?"

मी म्हणाले, "यंत्रं कधी थांबवायची, ते भार नियंत्रण कक्षातून ठरतं. ते आमच्या हातात नाही." हे खरं होतं. पाटबंधाऱ्याचे अभियंते म्हणाले, वरून पाणी कधी येणार, कधी थांबणार हेच कळत नाही, मग बंधाऱ्याची दारं कशी हलवायची? तेही खरंच. मत्स्य खात्याच्या बाईंकडे नदीवर फिरायला माणूस नव्हता. खोलीत कुणीच खोटं बोललं नाही आणि कुणीच जागचं हललं नाही. मला वाटलं, उठून दार उघडावं आणि चालू लागावं. पण बाहेर जाऊन मी कुणाकडे जाणार होते?

भाऊ मला तिथून थेट नदीवर घेऊन गेला. पाणी नुकतंच उतरलं होतं. खडकांतल्या खळग्यांत बोटाएवढी पिल्लं एकमेकांवर आपटत होती, आणि बगळे आधीच येऊन बसले होते. आम्ही त्याच्या बादलीने आणि माझ्या ओढणीने जमतील तेवढी उचलून धारेत सोडली. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे कितीतरी आठवडे मी नियंत्रण कक्षाशी आणि पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यांशी फोनवर बोलत होते. पावसाळ्यापुरतं ठरलं ते असं: शक्यतो सगळी यंत्रं एकदम थांबवायची नाहीत, लहान यंत्र सर्वांत शेवटी. थांबवण्याआधी मी अभियंत्यांना कळवायचं, म्हणजे ते दारं खाली घेऊन वरचं पाणी धरून ठेवतील.

एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, मागणी कोसळली आणि नियंत्रण कक्षाचा फोन आला. "सगळी यंत्रं बंद करा."

"लहान यंत्र थोडा वेळ चालू द्या. नदीत मासे आहेत."

"मॅडम, इथे सगळ्या राज्याची वीज सांभाळायची आहे. ताबडतोब."

मी यंत्रं बंद केली. दुसऱ्या हाताने अभियंत्यांना फोन लावला. ते जेवत होते, तसेच उठून बंधाऱ्यावर धावले. दारं खाली येईपर्यंत वरचे उथळ खडक उघडे पडले, पण खाली, बंधाऱ्याजवळच्या डोहांत पाणी राहिलं.

सकाळी भावाचा फोन आला. "वरची मेली. डोहानली हायेत."

"मग?"

"मंग काय? कालपरवापर्यंत तीबी नसायची."

त्यानंतरच्या बैठकीत मी म्हणाले, मला या समितीतून मोकळं करा. माहेरी आई विचारते, तू कुणाची? ऑफिसात तोच प्रश्न जरा सभ्यपणे विचारतात. मला हे झेपत नाही. बैठकीला आलेले साहेब म्हणाले, नाही, तुम्हीच राहा. अभियंते म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या फोनवर मी ताटावरून उठायचो नाही. मी भावाकडे पाहिलं. वाटलं, निदान हा तरी माझी बाजू घेईल.

"यांनाच ठेवा," तो म्हणाला. "दुसऱ्याला आमी वळखत नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पुढची बैठक माझ्या सोयीने ठरवायला घेतली.