गावात चर्चा आहे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात — चार ओळींची तर बातमी.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही बातमीदारीत नवा. खामगावच्या एका साप्ताहिकात होतो. माझा शाळासोबती वामन, सोनाळ्याचा, खामगावच्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. तास संपले की तो बेडकाच्या डोळ्याची नस कापायचा आणि डोळा खोबणीतच उलटा फिरवून बसवायचा. नस पुन्हा वाढायची, बेडकाला दिसू लागायचं. पण माशी वर असली की तो खाली झेपावायचा.

वामनने मला हे दाखवलं, समजावून सांगितलं. कापसाच्या गाठीवर ती बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसची छाप असते ना, तशी मेंदूतल्या पेशींच्या अंगावर प्रथिनांची खूण असावी. नसेचा तंतू ती ओळखून आपल्या जुन्याच जागी जातो, म्हणून फिरवलेल्या डोळ्याला उलटं दिसतं. ती खूण शोधायला त्याला सगळा जन्म हवा होता. मला ते समजलं — अगदी नीट समजलं होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला. पोरं काठीला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून पावसासाठी दारोदार धोंडी मागत होती. अंकात थोडी जागा उरली होती. मी लिहिलं : कॉलेजात बेडकांचे डोळे काढतात, म्हणून पाऊस रुसला, अशी वडनेर भोलजीच्या ग्रामस्थांत चर्चा आहे.

होती का चर्चा? मी वडनेरला गेलोच नव्हतो. डोळे काढत नाहीत, हे मी पाहिलं होतं.

अंक पोचला, मग चर्चा झाली. माणसं कॉलेजात आली, अंक हातात घेऊन. संस्थेने प्रयोग बंद केले. उलट्या डोळ्यांचे बेडूक मागच्या विहिरीत सोडले — ते काय धरून खाणार होते?

वामन कचेरीत आला. बसला नाही.

"कोन म्हणे हे? एकाचं तं नाव सांग बे."

"लोक," मी म्हणालो.

"तुले तं समजलं होतं ना," एवढंच तो म्हणाला आणि गेला.

पुढे निवृत्तीपर्यंत त्याने नुसतं शिकवलं. तशी प्रथिनं फार वर्षांनी दुसऱ्यांना, दूरदेशी सापडली. ती बातमी माझ्याच टेबलावर आली. मी ती छाटून आतल्या पानावर लावली. तोवर वामन वारला होता.

वडनेरची माणसं भेटली की खामगावात अजून कोणीतरी त्यांना बेडकांवरून चिडवतं. तीही हसून घेतात.

ते त्यांचं म्हणणं नव्हतं. माझं होतं.