अर्थिंगला पाणी

दानीएल साळवे मूळचा श्रीरामपूरचा. फौजेत वायरलेस शिकला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात काष्टीपलीकडच्या माळावर, दुष्काळी कामाच्या छावणीत रुजू झाला. पत्र्याच्या खोलीत त्याचं वायरलेस यंत्र आणि त्याला तारेनं जोडलेला टेलिप्रिंटर. मी तिथला हजेरी कारकून. मला त्याचा आधी रागच यायचा. स्वतःच्या बुटांवर बोटभर धूळ, पण यंत्रावरून दिवसभर फडकं फिरायचं. मी त्याला 'फडकेसाहेब' म्हणायचो. तो चिडायचा नाही, म्हणून मीच जास्त चिडायचो.

आम्ही इकडे जे टाइप करू ते नगरला कागदावर छापून निघायचं. पाणी कुठल्या कामावर पाठवायचं ते त्यावरूनच ठरे. मग अक्षरं बिघडली. आमच्या गावाचं नाव तिकडे भलतंच उमटू लागलं, तिकडचं उत्तर इकडे नुसतं गिचमीड. टँकर यायचा बंद झाला. श्रीगोंद्याला सायकलवर माणूस धाडला, तर तिथले साहेब पंख्याखाली बसून म्हणाले, "नगरला कळवा." कपाळ त्यांचं! कळवायचं कशानं?

दानीएलनं एका टोकापासून सुरुवात केली. टेलिप्रिंटरची तार काढून तो एकटाच चालवून पाहिला. अक्षरं स्वच्छ आली. मग तार बदलली, पिना घासल्या, वेग पुन्हा जुळवला. गिचमीड तशीच. शेवटी तो खोलीमागे गेला. तिथे खड्ड्यात मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली होती. ते यंत्राचं अर्थिंग. वरची माती इतकी भेगाळली होती, की बोट सहज आत जाईल.

"कारकून, जमिनीत ओलच राहिली नाही," तो म्हणाला. "इथं पाणी घालावं लागेल."

त्यानं स्वतःच्या वाट्याची घागर त्यात रिती केली. माझीही मागून घेतली, मीही कुरकुरत दिली. अक्षरं थोडी सुधारली, पण गावाचं नाव अजून नीट उमटेना. छावणीत आता एकच हंडा भरलेला होता, कामावरच्या छबूबाईचा. तिची सासू साळूबाई तापानं फणफणत झोपडीत पडली होती.

दानीएल स्वतःच मागायला गेला. मी मागे होतो, पण मला तिथे उभंही राहवेना.

"मास्तर, म्हातारी पान्यासाठी तळमळती," छबूबाई म्हणाली, "आन् तुमी ते मातीत वतनार?"

"व्हय, वहिनी. वतूनबी यंत्र चालंलच, असं छातीवर हात ठेवून सांगत न्हाई."

आतून साळूबाईचा आवाज आला, "दे गं छबे. समद्यांची लेकरं हायेत हितं."

छबूबाईनं सासूसाठी तांब्याभर पाणी काढून ठेवलं आणि उरलेला हंडा स्वतः नेऊन खड्ड्यात ओतला. मातीनं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग दानीएलनं निरोप टाइप केला आणि नगरहून तोच निरोप आमच्या कागदावर परत छापून आला, अक्षर न् अक्षर खरं. खाली लिहिलं होतं, टँकर उद्या दुपारी.

साळूबाई पहाटेच गेली. तापानं गेली की पाण्यावाचून, ते कुणालाच सांगता येणार नाही. दानीएलनं विचारलंही नाही. दोष आपला, असं त्यानं धरूनच टाकलं. टँकर येईपर्यंत म्हातारीला उचलता आलं नाही, कारण आंघोळ घालायला पाणी नव्हतं. तो तोवर झोपडीबाहेर उन्हात बसून होता, यंत्राकडे फिरकला नाही. मला त्याची फार कीव आली.

दुपारी टँकर आला. बायकांनी रांग सोडून पहिला हंडा छबूबाईला भरू दिला. तिनं सासूला आंघोळ घातली. मग हंड्यात उरलेलं पाणी घेऊन ती खोलीमागे गेली आणि ते अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं.

"उठा मास्तर," परत येऊन ती म्हणाली. "म्हातारीच्या वाट्याचं रोज मी घालीन. तुमी यंत्र बघा."

दानीएल उठला. फडकं तोंडावर धरून ढसाढसा रडला, आणि मग यंत्रापुढे जाऊन बसला.