साहेबांचं न मरणारं टूल

गुजरातमधल्या नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात मी सर्व्हर सांभाळत होते. आमच्या साहेबांना आपण मोठे प्रोग्रामर आहोत असं वाटायचं. सर्व्हरवर किती भार आहे ते काळ्या पडद्यावर दाखवणारं एक टूल त्यांनी लिहिलं होतं. कोणीही पाहुणा आला की त्याला ते बघावंच लागे, आणि कंट्रोल रूमच्या ऑपरेटरला प्रत्येक पाळीत ते उघडून ठेवावं लागे.

मग सर्व्हर दुपारनंतर रखडू लागला. एकदा टाकीचं तापमान कंट्रोल रूममध्ये सहा मिनिटं उशिरा दिसलं. साहेबांनी काही न तपासताच ऑपरेटरला मेमो दिला: टूल नीट बंद करत नाही, निष्काळजीपणा. हे ऑपरेटर काका शहरात पाणीगेट भागात राहायचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं.

"ताई, पाळी संपली की मी खिडकी बंद करतो. अजून काय बंद करायचं असतं?" त्यांनी मला विचारलं.

काहीच नाही. टर्मिनलची, म्हणजे त्या काळ्या पडद्याची, खिडकी बंद झाली की आतल्या प्रोग्रामला सिग्नल मिळतो: समोर आता कोणी नाही, आवर. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं. साहेबांनी मात्र त्या सिग्नलकडे दुर्लक्ष करायची ओळ लिहून ठेवली होती. त्यामुळे टूल मरत नव्हतं. नसलेल्या कीबोर्डला 'काही दाबलं का' असं अखंड विचारत बसायचं. प्रत्येक पाळीमागे एक उरलेलं, अशी अकरा भुतं सर्व्हर खात होती.

"नेट तुटलं तरी चालू राहावं म्हणून मुद्दाम केलंय," साहेब म्हणाले.

"चालू राहून दाखवणार कोणाला?"

"ए बधुं रहेवा दे." म्हणजे, ते सगळं राहू दे. अडचणीत आले की ते गुजरातीत शिरत.

मी सोडलं नाही. सिग्नल आला की टूल बंद व्हावं, आणि कीबोर्ड वाचता आला नाही तरी बंद व्हावं, अशा दोन दुरुस्त्या केल्या. मग प्लांट मॅनेजरांसमोर जुनं टूल चालवलं, खिडकी बंद केली आणि मागे उरलेलं भूत दाखवलं. मेमो मागे घेतला गेला.

साहेबांनी माफी मागितली नाही. उलट पुढच्या बैठकीत 'मी केलेली सुधारणा' म्हणून माझ्या दुरुस्त्या वाचून दाखवल्या, त्यातली एक चुकीची समजावून.

मी काकांना ते सांगितलं. "राग नाही येत तुम्हाला?"

"राग बरोबरीच्या माणसावर धरावा, ताई," ते म्हणाले आणि नोंदवहीकडे वळले.

साहेबांच्या हाताखाली मी आणखी वर्षभर काढलं. कोडबद्दल त्यांना एकदाही काही विचारलं नाही.