पुण्याच्या टोकाचा माणूस

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका सरकारी बिनतारी केंद्रावर ऑपरेटर होतो. माढ्याकडच्या खेड्यातून आलेला, बिनलग्नाचा. विणकरांच्या वस्तीत खोली घेतली होती. घरमालकांकडे सगळे आपसात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठीत एवढंच, "जेवला का?" जेवायला मी सात रस्ता चौकातल्या खानावळीत जायचो.

केंद्रावर दिवसभर कानाला हेडफोन आणि हाताखाली मोर्स वाजवायची कळ. रुजू झालो तेव्हा साहेबांनी समजावलं, "आपले संदेश सांकेतिक असतात, बाहेरच्याला वाचता येत नाहीत. पण कान लावून बसलेल्याला ते किती गेले हे कळतंच. एखाद्या दिवशी वाढले, की तो ओळखणार, काहीतरी चाललंय. म्हणून रोजची वर्दळ सारखीच दिसली पाहिजे."

म्हणजे सांगण्यासारखं काही नसलं तरी पाठवत राहायचं. अर्थ नसलेली अक्षरं, खऱ्या संदेशाएवढीच लांब. आम्ही त्यांना पोकळ संदेश म्हणायचो. बहुतेक दिवस पोकळच जायचे. पलीकडच्या टोकाला पुण्याचं केंद्र होतं. तिथला ऑपरेटर ते उतरवून घेऊन फाडायचा, त्याचे मी फाडायचो.

त्याला मी पाहिलं नव्हतं. कामाखेरीज एक अक्षरही पाठवायला बंदी होती, त्यामुळे नावही ठाऊक नव्हतं. पण मोर्स वाजवायची प्रत्येकाची लकब असते. हा शेवटचं अक्षर जरा रेंगाळत सोडायचा. त्यावरून मी त्याला ओळखायचो.

गावी गेलो की आई म्हणायची, "लई गप झालास की रं. तितं कुणी बोलाय न्हाय व्हय?"

"हाय की. पुण्याचा एक जण हाय."

"काय बोलता?"

मी आणखी एक भाकरी मागायचो.

एका दुपारी पुण्याहून वाजवणारा तो हात बदलला. नवा हात घाईचा होता. वेळा त्याच, संदेशही तेवढेच. रजेवर असेल, म्हणून मी वाट पाहिली. पावसाळा सरला, थंडी आली. शेवटी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुला कळलं, म्हणजे बाहेरच्यालाही कळलं असेल. मला ती काळजी आहे." त्यापुढे विचारायचं धाडस झालं नाही.

पुढे प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं, तेव्हा तिथल्या एका ऑपरेटरकडे शेवटचं अक्षर रेंगाळत सोडणाऱ्या त्या माणसाची चौकशी केली. "ते होय? त्यांना ऐकू कमी यायला लागलं. स्टोअरला बदली झाली त्यांची."

दुपारच्या सुट्टीत स्टोअरला गेलो. बॅटऱ्यांच्या खोक्यांमध्ये एक पिकल्या केसांचे गृहस्थ बसले होते. "मी सोलापूरचा," म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडून सांगितलं. त्यांना कळेना. मग मी त्यांच्या टेबलावर बोटानं, प्रत्येक संदेशाआधी वाजवायचो ती आमच्या केंद्राची खूण वाजवली. त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि एकदम हसले.

"सोलापूर! अहो, तुम्ही फार भरभर वाजवता."

पुढे काय बोलावं, ते दोघांनाही सुचेना. त्यांनी चहा मागवला. तो आम्ही संपवला. मग वर्गाची घंटा झाली आणि मी निघालो.