अंगठ्याएवढा डीबगर

माझ्या थोरल्या मावशीला कारखान्यात सगळे टाचणी म्हणत. अंगाने किरकोळ, पण टोचली की कळायची. इतरांचा आवाज रागाने चढतो, तिचा उलट खाली जातो. ती हळू बोलायला लागली की काका पेपर उघडून त्यात तोंड खुपसत आणि आम्ही भाचरं मिळेल त्या कामाला लागत असू.

तिचा कारखाना मोठ्या धुलाई यंत्रांची कंट्रोल कार्डं बनवायचा. हॉस्पिटलात, हॉटेलात ती कपाटाएवढी यंत्रं असतात ना, त्यांचा मेंदू. पाणी कधी घ्यायचं, किती तापवायचं, दाराचं कुलूप कधी सोडायचं, हे सगळं कार्डावरची एक चिप ठरवते. मावशी तिथे सोल्डरिंगच्या टेबलावर लागली होती. डिग्री नव्हती. चिपमधले प्रोग्राम वाचायला आपलं आपणच शिकली आणि तेरा वर्षांनी तपासणी विभागाची प्रमुख झाली. विभाग म्हणजे ती आणि एक स्टूल.

चिपच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी डीबगर लागतो. एक छोटी डबी, तिचं एक टोक कॉम्प्युटरच्या यूएसबीत आणि दुसऱ्या टोकाच्या तारा चिपला. मग चिपला कामाच्या मध्येच थांबवून विचारता येतं की बाई, या क्षणी तुझ्या डोक्यात काय आहे ते सांग. कारखान्यात असा डीबगर एकच होता, मावशीच्या तीन पगारांच्या किमतीचा. तो साहेबांच्या खणात कुलपात असे आणि काचेच्या खोलीत बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या डिग्रीवाल्यांनाच मिळे. मावशी कार्डावरचा दिवा लुकलुकवून अंदाज बांधायची. दोनदा लुकलुकला तर प्रोग्राम इथवर पोचला, तीनदा तर तिथवर. डोळ्यांवर पट्टी बांधून सुईत दोरा ओवायचा प्रकार.

एक दिवस साहेबांनी तिच्याकडे एका कार्डाचा तपासणी अहवाल मागितला. तिने यंत्र नेहमीप्रमाणे शंभर वेळा चालवलं, दोष सापडला नाही, तसं लिहून सही केली. अहवाल कशासाठी हवा होता हे तिला कोणी सांगितलं नाही. ते कळलं आठवड्याने, टायपिस्टच्या टेबलावर कंपनीने ग्राहकाला धाडलेल्या पत्राची प्रत दिसली तेव्हा. एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत, आत उकळतं पाणी असताना यंत्राचं दार उघडलं होतं आणि तिथल्या बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. कंपनीचं म्हणणं, बाईने दार जबरदस्तीने ओढलं. पुरावा म्हणून सोबत मावशीचा अहवाल, खाली मावशीची सही. हॉस्पिटलने बाईला कामावरून काढून टाकलं होतं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संध्याकाळी ती घरी न येता पत्ता काढून त्या बाईकडे गेली.

बाई खाटेवर बसली होती, हातांना बँडेज, आणि तिची मुलगी तिला चमच्याने भरवत होती. मावशीने आपण कोण ते सांगितलं. बाईने तिला बसा म्हटलं नाही. अठरा वर्षं तेच काम केलं, म्हणाली, पाणी आत असताना दाराला हात लावायला मला वेड लागलंय का? कुलूप खटकन आपोआप सुटलं, दार पाण्याच्या जोराने अंगावर आलं. मग तिने विचारलं, "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग आता कशाला आलात?"

मावशी आली तशी परत फिरली. घरी येऊन ती जेवली नाही. साहेबांचा राग होताच, पण त्याहून मोठा राग स्वतःचा होता. कागद कुठे जाणार हे न विचारता सही केलीच कशी?

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे दोन दिवसांसाठी डीबगर मागितला. कारखान्यात दोष दिसत नाही, तर हॉस्पिटलमधल्या यंत्रालाच जोडून बघते म्हणाली. साहेब म्हणाले, एवढी महागडी वस्तू आवाराबाहेर जात नाही. वर समजावणीच्या सुरात म्हणाले की प्रकरण मिटलंय, गाडलेलं मढं कशाला उकरताय.

"मेलं कोणी नाही," मावशी अगदी हळू म्हणाली. "हात भाजलेत. ते मी पाहून आले."

त्यांनी फोन उचलून भलत्याच माणसाशी बोलायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी मावशी मला घेऊन सुट्या भागांच्या बाजारात गेली. तिथे एका गाळ्यात, टोपलीत आवळे ठेवावेत तशी अंगठ्याएवढी यूएसबीची कार्डं ठेवली होती. एकाची किंमत दोघींच्या चहा-बिस्किटांएवढी. त्यावरही एक साधीशी चिप असते, आणि तिच्यात योग्य प्रोग्राम भरला की तेच कार्ड डीबगर होतं. तो प्रोग्राम कोणीकोणी लिहून जगासाठी फुकट ठेवलेला आहे. मावशी हे ऐकून होती, करून कधी पाहिलं नव्हतं. तिने तीन घेतली. एक जळणार, म्हणाली, हे धरूनच चालायचं.

पहिलं खरंच जळलं. दुसरं घरातल्या जुन्या कंट्रोल कार्डाला जोडलं, तर त्याला चिप सापडेचना. तासभर ती त्या कार्डाला, साहेबांना आणि साहेबांच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होती. मग लक्षात आलं की तारा फार लांब आहेत. तिने त्या वितीएवढ्या कापल्या आणि पुन्हा जोडल्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ओळ उमटली, चिप सापडल्याची. मावशी ओळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्याशासाठी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांवर पट्टी होती."

तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. पण तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

हॉस्पिटलची लॉन्ड्री ज्यांच्याकडे होती त्या भांडारप्रमुखांनाही खरं काय ते हवं होतं, त्यामुळे परवानगी मिळाली. मावशीने कंपनीत रजा टाकली. लॉन्ड्रीत यंत्राची मागचं झाकण उघडून तारा लावल्या, भिंतीतली वीज चिपपर्यंत पोचू नये म्हणून लॅपटॉपचा चार्जर आठवणीने काढून ठेवला, आणि गार पाण्यावर यंत्र सुरू केलं. चिपमध्ये ज्या जागी दाराच्या कुलपाची नोंद राहते तिच्यावर तिने पहारा बसवला. म्हणजे त्या जागेला कोणीही हात लावला की चिप जागच्या जागी थांबणार. सकाळभर यंत्र चाललं. दार वेळेवर बंद, वेळेवर उघडं, आणि चिप थांबे ती तेवढ्यापुरतीच. काही म्हणता काही नाही.

दुपारी मावशीने बाईच्या मुलीला फोन लावून आईला द्यायला सांगितलं. त्या दिवशी आत कुठले कपडे होते, एवढंच विचारलं. बाई म्हणाली, संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी. त्यांना एक जादा खळबळणी द्यावी लागते, ती आम्ही हाताने लावतो.

मावशीने पायऱ्या मोजल्या. भिजवणं, धुणं, खळबळणं, सगळं धरून आठ. जादाची धरून नऊ. तिने नववी लावून बटण दाबलं आणि यंत्र जागीच थांबलं. चिपमध्ये पायऱ्यांसाठी खण आठच ठेवले होते. नववी पायरी शेजारच्या खणात जाऊन पडत होती, आणि तो खण दाराच्या कुलपाचा होता. मावशीने चिपला पुढे जाऊ दिलं. यंत्रात पाणी भरलं, ड्रम फिरू लागला, आणि मग खटकन कुलूप सुटलं. गार पाणी मावशीच्या पायांवर आलं. भांडारप्रमुख कपाळाला हात लावून उभे राहिले.

तो प्रोग्राम काचेच्या खोलीत लिहिला गेला होता. साहेबांच्या खणात डीबगर असूनही नववी पायरी लावून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि मावशीलाही सुचलं नव्हतं. हे ती कधी लपवत नाही.

साहेबांनी आधी तिलाच धारेवर धरलं. कोणाच्या परवानगीने गेलात, हे खेळणं आमच्या कार्डाला जोडलंच कसं, काही जळलं असतं तर? चोराच्या उलट्या बोंबा. पण तिने काढून आणलेली लॅपटॉपच्या पडद्याची चित्रं पाहिल्यावर त्यांचा सूर बदलला. पुढच्या खेपेपासून खण दहा करू, म्हणाले, गाजावाजा नको. जुनी यंत्रं, मावशीने विचारलं. बघू. आणि ते पत्र?

"पत्र गेलं ते गेलं," साहेब म्हणाले.

"त्यावर माझी सही आहे," मावशी म्हणाली. "ती मी परत घेतेय."

तिने त्यांच्याच टेबलावर बसून हाताने लिहिलं की माझा अहवाल अपुरा होता, दोष प्रोग्राममध्ये आहे, बाईची काहीही चूक नाही. प्रती हॉस्पिटलला, कारखाने निरीक्षकाला आणि बाईला. चौथी साहेबांच्या पुढ्यात ठेवून ती निघाली. महिन्याभरात शिस्तभंगाचं कारण दाखवून तिला काढून टाकलं. काचेच्या खोलीतल्या एकाचंही काही बिघडलं नाही. निरीक्षकाच्या दणक्याने सगळी जुनी कार्डं बदलावी लागली, आणि कंपनीने ग्राहकांना कळवलं की आमच्या अंतर्गत तपासणीत दोष आढळला. ती ओळ वाचून मावशी दोन दिवस कुजबुजल्यासारखी बोलत होती.

हॉस्पिटलने बाईला परत घेतलं, पण चादरी मोजायच्या कामावर. उजव्या हाताची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. मावशी मला घेऊन तिला सांगायला गेली तेव्हा या खेपेला बाईने बसायला दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे आधी करायचं होतंत."

मावशी हो म्हणाली. माफी मागितली, ती मिळाली नाही. रस्त्यावर आल्यावर मी चिडून म्हटलं, नोकरी घालवलीस तिच्यापायी, दोन गोड शब्द तरी तिने बोलायचे होते. मावशीने मला तिथेच थांबवलं.

"तिचे हात गेले. गोड तिने बोलायचं?"

आता मावशी घरच्या पुढच्या खोलीत ते अंगठ्याएवढे डीबगर बनवते. तंत्रशाळेतल्या मुली येतात, दुरुस्तीवाले येतात. दोन पैसे सुटतात तेवढ्यावर ती विकते, आणि सोबत जोडणीचा नकाशा फुकट देते, म्हणजे ज्याला हवा त्याने स्वतः बनवावा. काका म्हणतात, अशाने धंदा बुडेल. बुडू दे, ती म्हणते. राग मात्र तसाच आहे. परवा एका मुलीने सांगितलं की त्यांच्या तंत्रशाळेत डीबगर आहे, पण प्राचार्यांच्या कपाटात असतो. मावशीने हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात त्या प्राचार्यांचा फोन नंबर मागितला.